चाकाखाली लिंबू, हिशेब लिफाफ्यात

८ ऑक्टोबर २०१९ या दिवशी विजयादशमी होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे लाखो बांधव जमले होते. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा उच्चारल्या जात होत्या. त्याच दिवशी फ्रान्समध्ये मेरिन्याक येथे भारताचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पहिले राफेल विमान ताब्यात घेत होते. त्यांनी विमानाची शस्त्रपूजा केली. विमानावर ॐ काढला, फुले वाहिली, नारळ ठेवला आणि चाकाखाली लिंबे ठेवली.

लिंबांवरून तेव्हा देशभर पुष्कळ विनोद झाले. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे घटनेच्या कलम ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. मंत्री हा आधी नागरिक असतो. जगातल्या अतिप्रगत तंत्रज्ञानाला लिंबाचा उतारा लावून सरकारने आपली पातळी जगाला दाखवली, हे खरेच. परंतु लिंबू दोन-पाच रुपयांचे. त्या लिंबाकडे बोट दाखवून सगळे हसत राहिले आणि एकोणसाठ हजार कोटींचा हिशेब लिफाफ्यातच राहिला. आम्हाला बोलायचे आहे ते त्या लिफाफ्याबद्दल.

आज हे बोलण्याला कारण आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी आणखी २६ राफेल विमानांचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला. त्याच वर्षी वायुदलाला आणखी ११४ राफेल हवीत, असाही प्रस्ताव पुढे आला. म्हणजे जुन्या व्यवहाराचा हिशेब मिळण्याआधीच नव्या व्यवहारांची रांग लागली. तेव्हा पहिला व्यवहार कसा झाला हे चळवळीच्या वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे.

२००७ साली वायुदलासाठी १२६ लढाऊ विमानांची निविदा निघाली. अठरा विमाने तयार यायची होती आणि उरलेली १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने तंत्रज्ञान घेऊन इथे बांधायची होती. जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्सच्या दसॉ कंपनीचे राफेल निवडले गेले. पुढे वाटाघाटी रेंगाळल्या. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमाने घेण्याची घोषणा केली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी करारावर सह्या झाल्या. विमाने, मेटिऑर व स्काल्प ही क्षेपणास्त्रे, सुटे भाग आणि देखभाल मिळून रक्कम ७.८७ अब्ज युरो. १२६ ची ३६ झाली आणि १०८ विमाने बांधणारा सरकारी कारखाना बाजूला पडला.

किंमत विचारली, तेव्हा उत्तर आले की ती गुप्त आहे. सर्वोच्च न्यायालयाला ती बंद लिफाफ्यात दिली गेली. न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी चौकशीची मागणी फेटाळली आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या. महालेखापालांचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेत आला. त्यात व्यवहार आधीच्या देकारापेक्षा २.८६ टक्के स्वस्त असल्याचे म्हटले होते, मात्र ज्या आकड्यांवरून ही टक्केवारी निघाली ते आकडे संरक्षण खात्याच्या आग्रहावरून झाकलेले होते. न्यायालयाचा निकाल आम्ही मानतो. पण न्यायालयाने चौकशी नाकारली म्हणून नागरिकाचा प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाही. बेरीज दाखवायची आणि मांडणी झाकायची, अशी वही गावातला वाणीसुद्धा आपल्यापुढे ठेवत नाही.

आता दुसरा एक आकडा पाहा. २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांची योजना मंजूर केली. रक्कम होती ५९,०४८ कोटी रुपये, केंद्राचा वाटा साठ टक्के आणि उरलेला राज्यांचा. लाभार्थी चार कोटींहून अधिक. ३६ राफेलची किंमतही रुपयांत जवळजवळ तेवढीच, ५९ हजार कोटी. एकीकडे ३६ विमाने, दुसरीकडे चार कोटी मुले-मुली.

विमाने घेतली म्हणून शिष्यवृत्ती मिळाली नाही, असे सोपे गणित आम्ही मांडत नाही. आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. आमच्या पोराला वर्षाला काही हजार रुपये मिळवायचे तर जातीचा दाखला, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते, हजेरी, गुणपत्रिका हे सगळे द्यावे लागते. एक कागद कमी पडला की अर्ज परत येतो. त्याचा बाप दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसील कचेरीत उभा राहतो. गरिबाच्या रुपयामागे सरकार दहा कागद मागते. त्याच तिजोरीतून त्याच आकड्याची रक्कम परदेशी कंपनीला जाते, तेव्हा कागद मागणारा देशद्रोही ठरतो. हा कुठला न्याय?

सरकार म्हणते, फ्रान्स आमचा मित्र आहे. रशिया जुना मित्र, इस्रायल खास मित्र, अमेरिका नवा मित्र. या मैत्रीचा अनुभव काय आहे? फ्रान्सने मिराज विमाने आपल्याला विकली, पाकिस्तानलाही विकली. पाणबुड्या दोघांनाही विकल्या. अमेरिकेने ऐंशीच्या दशकात पाकिस्तानला एफ-१६ दिली. १९९८ च्या अणुचाचणीनंतर तिने आपल्यावर निर्बंध लादले आणि आपल्या हलक्या लढाऊ विमानाच्या कामाला खीळ बसली. २०१८ साली आपण रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा ५.४३ अब्ज डॉलरना घेतली, तर अमेरिका आपल्या कायद्याचा बडगा दाखवू लागली. त्याच यंत्रणेसाठी तिने तुर्कस्तानवर २०२० साली निर्बंध घातलेही. पुढे युक्रेन युद्धात रशियाचे वेळापत्रक कोलमडले आणि आपल्याला ठरलेल्या मुदतीत सगळा माल मिळाला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आपल्या पंतप्रधानांना शेजारी उभे करून एफ-३५ विमाने देऊ केली आणि ऑगस्टमध्ये भारताच्या मालावर पन्नास टक्के शुल्क ठोकले. तेजस विमानाची नवी मालिका बांधायला घेतली, तर अमेरिकन कंपनीचे इंजिनच येईना. २०२१ च्या मागणीतले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले.

दुकानदार गिऱ्हाइकाला भाऊ म्हणतो, चहा पाजतो. तेवढ्याने तो भाऊ होत नाही. भांडणाऱ्या दोन्ही घरांना काठ्या विकणारा तर मुळीच नाही.

बाबासाहेबांनी हा विषय १९५१ सालीच मांडला होता. कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगणारे त्यांचे निवेदन १० ऑक्टोबर १९५१ चे आहे. हिंदू कोड बिल आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच निवेदनात परराष्ट्र धोरण आणि लष्करी खर्च हेही कारण आहे, हे आपण विसरतो. देशाच्या साडेतीनशे कोटींच्या महसुलातले सुमारे एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, हा खर्च प्रचंड आहे आणि तो चुकीच्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असे त्यांनी बजावले. अडचणीत धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही, म्हणून संरक्षणाचा सगळा बोजा एकट्याने उचलावा लागतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याच्यामुळे खर्च कमी होतो तो मित्र, ही त्यांची कसोटी. त्या कसोटीवर आजचे मित्र घासून पाहा. मित्र वाढले आणि बिलही वाढले. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता. २०२० ते २०२४ या काळात शस्त्रे आयात करणाऱ्या देशांत युक्रेनखालोखाल भारताचा नंबर लागला.

हे एकाच पक्षाचे पाप नाही. १९४८ च्या जीप खरेदीपासून ही परंपरा चालत आली आहे. १९८६ च्या १,४३७ कोटींच्या बोफोर्स व्यवहारातल्या दलालीची बातमी १९८७ साली स्वीडनच्या आकाशवाणीने दिली, आपल्या संसदेने नव्हे. राफेलच्या व्यवहाराची न्यायालयीन चौकशीही २०२१ साली सुरू झाली ती फ्रान्समध्ये. झेंडे बदलले तरी आपल्या तिजोरीची चौकशी परक्यांनीच करायची, ही रीत बदलली नाही.

आता बहुजनांच्या पोटाशी थेट जोडलेली गोष्ट. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी आपल्या बापजाद्यांनी सत्याग्रह सुरू केला. पाच वर्षे झगडूनही तो दरवाजा उघडला नाही. त्याच नाशिकजवळ ओझरला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, मिग विमानांचा सरकारी कारखाना आला. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० ही विमाने तिथे बांधली गेली. हा कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला. तिथे अनुसूचित जातींना पंधरा टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि मंडलनंतर इतर मागासवर्गीयांना सत्तावीस टक्के आरक्षण. ज्यांना देवाच्या दारात उभे केले नाही, त्यांची नातवंडे ओळखपत्र दाखवून विमानाच्या कारखान्यात शिरली. हा दरवाजा कोणा पुजाऱ्याने उघडला नाही, घटनेने उघडला.

म्हणून १०८ विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडून गेली, तेव्हा केवळ एका कंपनीचे काम गेले नाही. कित्येक वर्षांच्या भरतीची आशा गेली आणि त्या भरतीतला आपला वाटाही गेला. जानेवारी २०१९ मध्ये याच कंपनीला पगार भागवण्यासाठी सुमारे हजार कोटी रुपये बँकेकडून उचलावे लागले, हे खुद्द तिच्या अध्यक्षांनी सांगितले.

दुसरीकडे काय झाले? व्यवहारातला निम्मा पैसा दसॉ आणि तिच्या साथीदार कंपन्यांनी भारतात गुंतवायचा होता. त्यासाठी विमान बांधण्याचा अनुभव नसलेला रिलायन्सचा एक समूह भागीदार म्हणून पुढे आला. हे नाव भारत सरकारनेच सुचवले, असे फ्रान्सचे माजी अध्यक्ष ओलांद २०१८ साली म्हणाले. सरकारने ते नाकारले, दसॉनेही निवड आपलीच असल्याचे सांगितले. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी या भागीदारीच्या कारखान्याची पायाभरणी नागपूरच्या मिहानमध्ये झाली. ज्या शहरात दीक्षाभूमी, त्याच शहरात. तिथे काम सुरू झाले ते फाल्कन या बिझनेस जेटच्या भागांचे. देशाच्या संरक्षणासाठी पैसा गेला आणि त्याच्या बदल्यात नागपूरला श्रीमंतांच्या खाजगी विमानाचे तुकडे जोडायचे काम आले. खाजगी कारखाना असल्याने तिथे आरक्षणाचे बंधन नाही. मिहानसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आणि दीक्षाभूमीवर येणाऱ्या तरुणांनी याचा विचार करावा.

दारूगोळा कारखान्यांचेही तेच. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव. या गावांतल्या आपल्या वस्त्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना कारखान्याच्या एका पगाराने किती घरे उभी केली हे सांगायला नको. तिथल्या बुद्धविहारांच्या पायात त्याच पगारातली वर्गणी आहे. देशभरचे असे ४१ कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून मोडून सात कंपन्यांत वाटले गेले. कामगारांनी संप करू नये म्हणून त्याच वर्षी संसदेत कायदा केला. आज कंपनी सरकारची आहे. उद्या तिचे भाग विकायला काढले, तर आरक्षण कोणाच्या दारात मागायचे?

देशभक्तीचा धडा आम्हाला कोणी देऊ नये. बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र. १८९२ नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्याला चांगली विमाने मिळावीत, हे सर्वांत जास्त कोणाला वाटते? ज्यांची मुले सीमेवर आहेत त्यांना. म्हणूनच आम्हाला दिसते की विमान तीस-चाळीस वर्षांसाठी विकत घेतले जाते आणि ते राखणाऱ्या जवानाला २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांवर बोलावले जाते. चारांतल्या तिघांना ना पुढे नोकरी, ना पेन्शन. मे २०२५ च्या संघर्षात आपली काही विमाने पडली, हे संरक्षण दलांच्या प्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात मान्य केले, तेही आकडा न देता. ज्यांच्या घरची मुले या लढाईत उतरतात त्यांना हे परदेशातल्या बातमीतून कळावे, याला आमची हरकत आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. परदेशाशी होणाऱ्या प्रत्येक मोठ्या शस्त्रखरेदीची किंमत संसदेच्या सर्वपक्षीय समितीपुढे ठेवा. विमानाचे गुपित गुपितच राहू द्या, किमतीचे नको. तंत्रज्ञान घेऊन बांधायचे काम आधी सार्वजनिक क्षेत्राला द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला तेजसची नवी जुळणी सुरू झाली. तिथे कंत्राटी माणसे न भरता कायम जागा भरा आणि अनुशेषासह भरा. या व्यवहारातून जो खाजगी उद्योग कमावतो त्याला आरक्षण लागू करा. पैसा जनतेचा असेल तर नोकरीतला वाटाही जनतेचा असला पाहिजे.

आणि एक मागणी आमची आमच्याकडेच आहे. चळवळीने संरक्षण हा विषय परका मानू नये. आमचे आमदार-खासदार समाजकल्याणाच्या चर्चेपुरते उठतात आणि संरक्षणाची चर्चा आली की सभागृहाबाहेर जातात. बाबासाहेब त्या चर्चेत आकडे घेऊन उभे राहिले होते. येत्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाल, तेव्हा मिहानच्या दिशेला एकदा पाहा आणि सोबतच्या तरुणाला विचारा, आपल्या पैशाने घेतलेल्या विमानात आपली एक तरी नोकरी आहे का? उत्तर नाही असेच येईल. तो प्रश्न तिथेच न सोडता गावी परत न्या.

जयभीम!