कुंडीखालच्या किड्यांचं बिऱ्हाड

एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांची बदली झाली, शाळा बदलली आणि नऊ वर्षांचा मुलगा मुकाच झाला. इमारतीत कुत्रा पाळू देत नाहीत, मांजर सासूबाईंच्या दम्याला चालत नाही. मग मुलानं कुंडीखालचे ते करडे, बोट लावताच गोळी होणारे किडे लोणच्याच्या बरणीत आणून ठेवले. आता जेवताना बोलतो तो त्यांच्याविषयीच. पण बरणीत रोज अर्धे अर्धे पांढरे तुकडे दिसतात, 'मेले' म्हणून पोर रडतं. सासूबाई म्हणतात, "घरात किडे पोसता? गरम पाणी ओता नि मोकळ्या व्हा." ताई विचारतात, काय करू?

ताई, आधी ते गरम पाण्याचं भांडं खाली ठेवा. पांढरे तुकडे मेलेल्या किड्यांचे नव्हेत, ती टाकलेली कात आहे. हा प्राणी कात दोन हप्त्यांत टाकतो. आधी मागचा अर्धा भाग, मग एकदोन दिवसांनी पुढचा. मधल्या काळात तो अर्धा फिका, अर्धा करडा दिसतो आणि मऊ पडलेला असतो. तेव्हा त्याला हात लावू नये. कातही काढून टाकू नका, त्यातलं चुन्याचं सत्त्व परत मिळावं म्हणून तो ती स्वतःच खातो. मुलाला एवढं सांगा, रडं थांबेल.

यांना इंग्रजीत आयसोपॉड म्हणतात. हे कीटकच नव्हेत, कोळंबी-खेकड्यांचे जमिनीवर आलेले भाऊबंद. पाय मोजा, सात जोड्या भरतील. पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, म्हणून ओल हवी. ओल गेली की जीव जातो आणि पाणी साचलं तर बुडून मरतात.

बरणी मात्र बदला. उभ्या बरणीपेक्षा पसरट प्लॅस्टिकचा डबा बरा, झाकणाला बारीक भोकं पाडलेला. तळाशी खत-औषध न घातलेली माती आणि नारळाचा भुसा मिळून दोनतीन इंच, वर वाळलेली पानं, लपायला झाडाच्या सालीचा तुकडा. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी शिंपडायचं, तेही डब्याच्या एकाच अर्ध्यात. दुसरा अर्धा कोरडा राहू द्या, हवं तिथे ते आपले आपण जातात. उन्हाळ्यात डबा माठाच्या तिवईखाली ठेवावा. झुरळांचे फवारे, मुंग्यांचा खडू जवळपास नको.

खाणं तर अगदी बिनखर्चाचं. मुख्य अन्न वाळकी पानं. देशी बदामाची उत्तम, आंब्या-फणसाचीही चालतात. निलगिरी, कडुलिंब नकोत. पानं उकळून, उन्हात वाळवून घ्या. गाजर, काकडी, दुधीची धुतलेली साल आठवड्यातून एकदोनदा, नखाएवढीच. दुसऱ्या दिवशी उरलेलं काढायचं, नाहीतर बुरशी नि बारीक पांढरे किडे होतात. लाडानं मरतात ते असे! तेल-मीठ लागलेलं काही नको. कवचासाठी अंड्याची टरफलं उकळून, कुटून घाला. अंडं वर्ज्य असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन आहेच. ते मात्र म्हाकुळाचं हाड, हे मनाशी असू द्या. आठवड्याला धुतलेल्या सुक्या जवळ्याची चिमूट टाका. शाकाहारी घरात मटकीचे एकदोन शिजवलेले दाणे द्या. हे सत्त्व कमी पडलं की कात टाकणाऱ्या मऊ भावंडालाच कुरतडतात.

आता सासूबाई. त्यांचा धसका धान्याचा असणार, आणि तो रास्त आहे. डाळीला टोके लागले की काय होतं हे आपल्यालाही ठाऊक. पण या प्राण्यांना ओल लागते, डाळीच्या कोरड्या डब्यात ते जगूच शकत नाहीत. गुळगुळीत काचेवर-प्लॅस्टिकवर बहुधा चढता येत नाही, चावतही नाहीत. हात मात्र साबणानं धुवायचे. सासूबाईंना एकदा मादीचं पोट दाखवा. अंडी ती पोटाखालच्या पिशवीत वागवते, पिल्लं तिथेच बाहेर येतात, खसखशीएवढी, दुधासारखी पांढरी. हे पाहून त्यांचं मत बदलेलच असं म्हणत नाही. पण मुलाच्या पाठीमागे बरणी रिकामी करू नका. तो बोलू लागलाय, तेवढं मोडेल.

एखादा एकाएकी निळा-जांभळा दिसू लागला तर वेगळा काढा. तो विषाणूचा आजार असू शकतो, माणसाला लागत नाही. संख्या फार वाढली तर जिथून आणले त्याच कुंडीखाली सोडा. विकत आणलेले परदेशी प्रकार मात्र बागेत कधीच सोडू नयेत.

सुटीत आठ दिवस माहेरी जाणार असाल तर शेजारणीला त्रास नको. भाजी सगळी काढा, ओला अर्धा नीट भिजवा, मूठभर पानं जास्त घाला आणि खुशाल गाडीत बसा.