हमी लेखी, नकार मात्र तोंडी

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाच्या कॅनी तालुक्याच्या गावी पोहोचविणारा शेतकरी, एस.टी. जात नाही अशा वाडीवरच्या शाळेत रोज जाणारा शिक्षक, शहरात घरोघर पार्सले पोहोचविणारा तरुण, या साऱ्यांची चूल दोन चाकांच्या आधारावर पेटते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी वाहने विकली गेली. त्यांपैकी कितीतरी हप्त्यांवर घेतलेली असतात. वाहन बंद पडले म्हणून हप्ता थांबत नाही. अशा वाहनाबरोबर येणारे हमीपत्र म्हणजे विक्रेत्याने दाखविलेला मोठेपणा नव्हे. त्याचे मोल वाहनाच्या किमतीतच वसूल केलेले असते. त्या कागदाची खरी परीक्षा होते ती वाहन बिघडते त्या दिवशी, आणि पुष्कळ ग्राहकांचा भ्रमनिरास होतो तोही त्याच दिवशी.

इंजिनातून आवाज येतो किंवा गाडी भर रस्त्यात वारंवार बंद पडते, म्हणून ग्राहक सर्व्हिस सेंटरवर जातो. तेथील उत्तरे ठरलेली असतात. ‘ही वापरातील झीज आहे, हमीत बसत नाही.’ ‘तुमची दुसरी सर्व्हिसिंग आठ दिवस उशिरा झाली.’ ‘बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलेला दिसतो.’ ‘पार्ट कंपनीकडून यायचा आहे, पुढच्या आठवड्यात बघा.’ चार हेलपाटे घातल्यावर शेवटचे उत्तर मिळते : ‘कंपनी मान्य करीत नाही, आम्ही तरी काय करणार?’ कंपनीकडे विचारणा करावी तर ती विक्रेत्याकडे बोट दाखविते. या टोलवाटोलवीतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यातले एकही उत्तर कागदावर नसते. हमी छापील, सही-शिक्क्याची. नकार मात्र तोंडी. सारी मेख येथेच आहे.

विक्रेत्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. हमीच्या मुदतीत बदललेल्या भागाचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नसतात. निकामी भाग, त्याची कागदपत्रे आणि दावा कंपनीकडे पाठवायचा, कंपनीने तो तपासायचा आणि मग ठरल्या दराने भरपाई द्यायची, अशी ही व्यवस्था असते. दावा फेटाळला गेला तर भुर्दंड विक्रेत्यावर बसण्याचा धोका असतो. उलट तेच काम ‘हमीबाहेरचे’ ठरले, तर भागावरचा नफा आणि मजुरी दोन्ही त्याच्या पदरात पडतात. म्हणजे बिघाड हमीत बसतो की नाही याचा पहिला निवाडा जो करतो, त्याचाच फायदा नकारात असतो. येथे एखाद्या विक्रेत्याच्या सचोटीचा प्रश्न नाही. प्रामाणिक माणसालाही मोह व्हावा अशा रीतीने ही घडी बसविलेली आहे.

ग्राहकाची ही लाचारी आपल्याला नवी नाही. १९७२ साली ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली, तेव्हा आणि नंतरही कितीतरी वर्षे नाव नोंदवून वाट पाहत बसणे हेच ग्राहकाचे काम होते. गाडी मिळाली हेच भाग्य, मग तिच्या दोषांबद्दल कोण बोलणार? १९९१ नंतर परवान्यांचे राज्य गेले, स्पर्धा आली आणि ग्राहक राजा झाल्याची द्वाही फिरली. शोरूमच्या पुढच्या दालनात ते खरेही झाले. तेथे गारवा आहे, चहा आहे, अगत्य आहे. मागच्या गॅरेजमध्ये मात्र रांगेचा जुना काळ अजून सरलेला नाही.

पूर्वी निदान नाक्यावरच्या मेकॅनिकचा आधार होता. पाना-पकड घेऊन तो कार्ब्युरेटर उघडी आणि अर्ध्या तासात गाडी चालू करून देई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषणमानके लागू झाली, दुचाकीत इंधन-अंतःक्षेपण आले आणि बिघाड शोधण्यासाठी संगणकीय उपकरण लागू लागले. हवेच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. पण त्यामुळे ग्राहक अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दावणीला अधिक घट्ट बांधला गेला. विजेवरच्या वाहनांत तर ही दावण आणखी आखूड आहे. विजेच्या दुचाक्या बनविणाऱ्या एका कंपनीविरुद्ध दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तिच्यावर कारणे दाखवा नोटीस बजावावी लागली. बहुतेक तक्रारींचे निवारण झाल्याचे कंपनीने कळविले. तरी एवढ्या लोकांना सरकारचे दार ठोठवावे लागले ही गोष्ट उरतेच.

कायदा नाही असे मात्र नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जी पाळली जाण्याची वाजवी शक्यता नाही अशी हमी देणे, ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ग्राहक राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. बाहेरच्या मेकॅनिकचे निमित्त सांगून हमी उडवून लावण्याबाबत स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना बजावले होते की, सरसकट हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली आणि त्यात दुचाकीच्या कंपन्या नव्हत्या, हे खरे. तथापि त्यामागचे तत्त्व चाकांच्या संख्येवर अवलंबून नाही.

मग ग्राहक हरतो कोठे? तो पुराव्यात हरतो. अमुक दिवशी, अमुक माणसाने, अमुक कारणाने नकार दिला, हे तो दाखवू शकत नाही. जॉब कार्डावर त्याची तक्रार ‘सामान्य तपासणी’ या दोन शब्दांत गुंडाळलेली असते आणि बदललेला जुना भाग त्याने कधी पाहिलेलाही नसतो.

यावरचा उपाय अवघड नाही. हमीखालील दावा नाकारताना त्याचे कारण आणि हमीपत्रातील नेमके कलम लिहून, सही-तारखेसह, ग्राहकाला समजेल अशा भाषेत ठरावीक दिवसांत देणे सरकारने बंधनकारक करावे. असा नकार मुदतीत आला नाही तर दावा मान्य झाला असे समजावे. विक्रेत्यांची कागदपत्रे वाढतील हा आक्षेप टिकणारा नाही, कारण प्रत्येक वाहनाची नोंद ते आजही संगणकावर ठेवतात. याच मोटारसायकलचा विम्याचा दावा फेटाळायचा झाला, तर विमा कंपनीला कारणे लेखी कळवावी लागतात. माहितीच्या अधिकाराखालील साधा अर्ज नाकारतानाही सरकारी अधिकाऱ्याला कारण नोंदवावे लागते. मग वाहन कंपनीनेच एवढे सोवळे का पाळावे?

ज्याला स्वतःच्या सहीनिशी ‘ही वापरातील झीज आहे’ असे लिहून द्यावे लागेल, तो दोन महिन्यांच्या गाडीबद्दल तसे लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करील. नकार खरोखरच योग्य असेल, तर त्या कागदाने विक्रेत्याचेच रक्षण होईल.

असा नियम होईपर्यंत ग्राहकांनीही आपली सवय बदलली पाहिजे. तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी, त्याची प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नये, बदललेला भाग दाखविण्याचा आग्रह धरावा आणि तोंडी नकार मिळताच कंपनीला पत्र लिहून लेखी उत्तर मागावे. गॅरेजच्या दारात आवाज चढवून मनाचे समाधान होते, गाडी दुरुस्त होत नाही. हमी देताना जी कंपनी शाई वापरते, तिने नकार देतानाही तीच वापरावी, एवढीच ही मागणी आहे.