रोपांच्या तपासणीचा खर्च

केळीची लागवड करावयाची म्हटली म्हणजे रोपें, खत, मजुरी व ठिबकाच्या नळ्या यांचा हिशेब आम्ही पैपर्यंत मांडतों. रोपांच्या पानांची प्रयोगशाळेंतील तपासणी मात्र ‘किरकोळ खर्च’ या सदरांत जाते, आणि पैसा अपुरा पडला कीं पहिली कात्री तिलाच लागते. ही चाल आमच्या मतें घातक होय.

पर्णगुच्छ आणि खानदेशांत ज्यास ‘हरण्या’ म्हणतात तो काकडी मोझॅक, या विषाणुरोगांवर औषध नाहीं. रोगट झाड उपटून नष्ट करणें हाच उपाय. तोंपर्यंत मावा तो रोग शेजाऱ्याच्या मळ्यांत नेऊन पोंचवितो.

शेंकडा एक रोप रोगट असलेल्या मालांतून दहाच रोपें तपासलीं, तर रोग सांपडण्याचा संभव शेंकडा दहांहूनही कमी असतो. तो शेंकडा ९५ पर्यंत नेण्यास सुमारें ३०० रोपांचीं पानें घ्यावीं लागतात. पांच पांच रोपांचे तुकडे एकत्र केल्यास नमुने ६० होतात. मात्र असें मिश्रण चालेल कीं नाहीं, हें प्रयोगशाळेस आधीं विचारावें.

नुसता नमुन्याचा दर पाहून भागत नाहीं. पर्णगुच्छाचा विषाणु डीएनएचा असल्यानें पीसीआर पद्धतीनें सरळ ओळखतां येतो. काकडी मोझॅकचा आरएनएचा असल्यानें एक पायरी वाढते व खर्चही वाढतो. शिवाय बर्फाची पेटी, नमुने त्वरित पोंचविणें आणि संशयित नमुन्यांची फेरतपासणी हींही हिशेबांत धरलीं पाहिजेत.

प्रमाणित रोपांस हा खर्च कशाला, असें कोणी विचारील. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची सरकारी योजना २००६ पासून आहे, आणि तिचा दाखला प्रथम मागावाच. त्यानें बराच पैसा वांचेल. परंतु प्रयोगशाळेंतून निघाल्यावर रोपवाटिकेंत मावा शिरला, तर त्याची हमी तो दाखला देत नाहीं. घरच्या कंदांस तर दाखलाच नसतो.

म्हणून सोसायटीच्या अंदाजपत्रकांत तपासणीचें स्वतंत्र सदर असावें, त्याची वर्गणी सर्वांकडून एकरीं घ्यावी, आणि अहवाल हातीं आल्यावांचून रोपांची उरलेली रक्कम चुकती करूं नये. एकट्यानें तपासणी करून एकट्याचा मळा वांचत नाहीं. मावा बांध ओळखीत नाहीं.