जुन्या पलंगावर झोपायचे पैसे

ऑनसाइटला एडिनबरात होतो तेव्हा एक वीकेंड डलहौसी कॅसलमध्ये काढला. रॅमसे घराण्याचा हा किल्ला, मूळचा १३व्या शतकातला. १९७२ मध्ये त्याचं हॉटेल झालं. खोलीत चार खांबांचा पलंग, जड पडदे, करकरणारी लाकडी जमीन. जेवण कुठे, तर तळघरात, दगडी कमानीखाली!

फोनवर आजीला (आईच्या आईला) सांगितलं. ती म्हणे, "काहून रे बापा एवढे पैसे देल्ले? जुना पलंग तं आपल्या घरी बी होता."

होता. तोच तर मुद्दा आहे.

याच किल्ल्यात १८१२ साली लॉर्ड डलहौसी जन्मला. गव्हर्नर जनरल असताना १८५३ मध्ये त्याने फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतलं, आमच्या बार्शीटाकळीसकट. त्या रात्री मला झोप येईना. राग नव्हता, लाज होती. वऱ्हाड घेणाऱ्याचं घर धडधाकट उभं, नळाला गरम पाणी. आणि आजीचा वाडा? तो कोणी परक्याने नाही नेला, आपणच विकून खाल्ला. सात वारस, एक कुलूप. आधी बंगई गेली, मग पलंग, मग सागवानी दारं. दारं गेल्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती दोन पावसाळ्यांत बसल्या.

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांना देणार अशी बातमी आली, तेव्हा मी कॉलेजात होतो. तावातावाने पोस्टी टाकल्या. शिवरायांशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही असा सरकारने खुलासा केला, आम्ही गप्प झालो. रायगडावर हॉटेल नकोच, आजही म्हणतो. पण आपल्याच गल्लीतल्या गढीचं दार ट्रकमध्ये चढलं तेव्हा किती पोस्टी पडल्या? माझी तरी एकही नाही.

कोणी म्हणेल, वाडे म्हणजे सरंजामशाही, पडले तर बरंच. अर्धं खरं आहे. ओसरीच्या आत सगळ्यांना पाऊल टाकता येत नव्हतंच. म्हणूनच तर उघडा म्हणतो! जिथे तुमच्या आज्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिथे तुम्ही पलंगावर पाय पसरून झोपा. वाडा पाडून हा हिशोब चुकता होत नाही.

आणि हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी हॉटेल म्हणून उभी आहे. बार्शीटाकळीचं हेमाडपंती देऊळ शेकडो वर्षं टिकलं, त्यात दगडाइतकाच वाटा रोज लागणाऱ्या दिव्याचा आहे. घर वापरानेच टिकतं, कुलपाने नाही.

तुमच्या गावी वाडा उरला असेल तर या दिवाळीत वारसांना एकत्र बसवा. दोन खोल्या झाडा, छपराची कौलं चाळा, पाहुणे ठेवा. आणि दारं विकू नका राव. आमची आता कुठल्यातरी शहरी हॉटेलात शोभेला लागली असतील.