उन्हाळी सुटी आणि सिकलसेलचा विद्यार्थी

स्मरणिकेत काय असावे याचा एक रिवाज ठरून गेला आहे. संस्थेची वाटचाल, संस्थापकांची छायाचित्रे, दहावीच्या निकालाचा तक्ता आणि मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नामावली. हे सारे असावेच. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या पायरीवर उभे राहता आले नाही, त्यांची नावे अशी छापून आलेली पाहणे हा आपला हक्काचा आनंद आहे. परंतु या तक्त्यात आणि नामावलीत सहसा न सापडणाऱ्या एका विद्यार्थ्याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे. तो आठवीत किंवा नववीत असतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा इतरांपेक्षा अधिक असतात. त्याला, किंवा तिला, सिकलसेल असतो.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या मुलाच्या वर्षातील अत्यंत धोक्याचा काळ म्हणजे उन्हाळी सुटी. आणि नेमका तोच काळ निवासी शाळा आपल्या जबाबदारीबाहेरचा मानते.

यवतमाळ जिल्ह्याला हा आजार नवा नाही. तो आपल्या बौद्ध समाजात आहे, गोंड, प्रधान, कोलाम या आदिवासी समाजांत आहे, आणि इतर समाजांतही आढळतो. एरवी गोल व लवचीक असणाऱ्या तांबड्या रक्तपेशी शरीरातील पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकून बसतात आणि जेथे अडकतात तेथे जीवघेणी कळ उठते. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आला तर वाहक. शासकीय तपासणीनंतर रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड मिळते. वाहकाला सहसा काही होत नाही. लाल कार्डाच्या मुलाला मात्र पाणी, ऊन, थंडी, ताप आणि दगदग या पाच गोष्टींचा हिशेब रोज ठेवावा लागतो.

आता वसतिगृहाचा दिनक्रम आठवून पाहा. आपल्यापैकी अनेकांनी तो जगलेला आहे. पहाटे पाचची घंटा, डिसेंबरच्या थंडीत हौदाच्या पाण्याने आंघोळ, त्रिशरण-पंचशील, कवायत, मग अभ्यासिका. निरोगी मुलाला या शिस्तीने घडवले, यात शंका नाही. सिकलसेलच्या मुलाला तीच थंड पाण्याची बादली दुपारपर्यंत हात-पाय धरून निजवते. मैदानाच्या फेऱ्यांत तो मागे पडतो. डोळे पिवळसर दिसतात म्हणून मुले कावीळ झाल्याचे चिडवतात. बरोबरीच्या मुलांना मिसरूड फुटते, आवाज बदलतो. हा अजून पाचवीतला वाटतो, आणि चौदाव्या वर्षी याहून मोठे दुःख दुसरे नसते. एवढे झाल्यावर मोठी माणसे त्याच्याविषयी एक शब्द हमखास वापरतात. आळशी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या शब्दाची आम्हांला चीड आहे. ज्यांनी आपल्या पूर्वजांना उन्हातान्हात राबवून घेतले, त्यांनीही त्यांच्याविषयी हाच शब्द वापरला होता. आपल्याच शाळेत, आपल्याच लेकराला तो लावला जाऊ नये.

एक गोष्ट अशी आहे की ती स्मरणिकेत छापावी की नाही, असे काहींना वाटेल. आम्हांला ती छापणेच अगत्याचे वाटते. सिकलसेलमुळे मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते. म्हणून या मुलांना वरचेवर जावे लागते, आणि मोठ्या वयातही झोपेत अंथरूण ओले होते. चाळीस मुलांच्या खोलीत तेरा वर्षांच्या मुलाचे अंथरूण सकाळी ओले निघणे म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्यांस सांगावयास नको. मग ते मूल काय करते? ते संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणे सोडते. वर्गातही पीत नाही, कारण दर तासाला हात वर करून परवानगी मागण्याची त्याला लाज वाटते. ज्या पाण्यावर त्याचे रक्त वाहते राहावयाचे, तेच ते लाजेपोटी टाळते, आणि चार दिवसांनी कळ येऊन पडते. आपण म्हणतो, थंडी बाधली. त्या मुलाच्या दुखण्याचे अर्धे कारण रक्तात होते आणि अर्धे आपल्या हसण्यात.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी भिक्खूंना बोलावून समजावले की येथे तुमची शुश्रूषा करावयास आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असेही त्यांनी सांगितले. ही कथा आपण प्रवचनात अनेकदा ऐकली आहे. आई-वडील जवळ नसलेल्या मुलांचा समूह म्हणजेच निवासी शाळा. त्या अर्थाने पाहिले तर ही कथा आपल्या वसतिगृहासाठीच सांगितली आहे असे वाटते, आणि तिच्यातील ओले अंथरूणही ओळखीचे वाटते.

तरीही एवढे खरे की वसतिगृहात कोणीतरी पाहणारे असते. अधीक्षक असतात, स्वयंपाकघरातील ताई असतात, वेळेवर गोळी देणारी एखादी शिक्षिका असते, दोन वेळचे जेवण ठरलेले असते. एप्रिल संपतो आणि हे सारे एका दिवसात थांबते. पेटी एसटीत चढते. मूल गावी पोहोचते तेव्हा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. विहीर आटलेली, हातपंपावर रांग, आणि रांगेत उभे राहण्याचे काम सुटीवर आलेल्या मुलाकडे. ज्या गावांत तेंदूपत्ता आहे तेथे घरातील सर्वांना पहाटेच जंगल गाठावे लागते. पोरगे मोठे झाले, त्यानेही चार पुडके बांधावेत, अशी अपेक्षा गैर म्हणता येत नाही. पुढे वावरातील पऱ्हाट्या उपटणे, शेणखत टाकणे. त्यातच लगीनसराई. मालवाहू गाडीत दाटीवाटीने भरलेले वऱ्हाड, भरदुपारचा मुहूर्त (बौद्ध पद्धतीच्या विवाहात मुहूर्त कशाला हवा, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे), मंडपाबाहेर डीजेपुढे नाचणारी मुले. त्या नाचात आपले लाल कार्डाचे मूलही असते. का नसावे? वर्षभर त्याला बाजूला बसवले गेलेले असते. येथे त्याला कोणी ओळखत नाही.

गोळ्या मेच्या पहिल्या आठवड्यात संपतात. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले असेल तर ते रोज, न चुकता घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. औषध थांबले तर दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही, आणि तेथेच फसगत होते. आईला वाटते, गोळीवाचूनही बरे आहे. तीन-चार आठवडे लोटतात, औषधाचा गुण ओसरतो, त्यात मृगाची पहिली सर अंगावर येते आणि कळ उठते. तालुक्याच्या रुग्णालयातून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास सुरू होतो. सोबतच्या पिशवीत कार्ड नसते. ते शाळेच्या कपाटात, त्याच्या फाइलमध्ये राहिलेले असते.

शासनालाही विदर्भाचे ऊन मान्य आहे. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि आपल्याकडे जून सरता सरता. या उशिराचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जागतिक सिकलसेल दिन 19 जूनला असतो. ज्या भागात हा आजार एवढा आहे, त्या भागातील शाळा त्या दिवशी बंद असतात. फलक लागतात, भाषणे होतात, आणि ज्याच्यासाठी ती व्हावयाची तो विद्यार्थी गावात खाटेवर पडून असतो.

शाळा उघडते तेव्हा पहिल्या आठवड्याची हजेरी आम्ही बारकाईने पाहतो. कोण आले नाही? कोणी बोलावणे पाठवूनही येत नाही? मराठीत 'शाळा सुटली' या शब्दांना दोन अर्थ आहेत. एक रोज संध्याकाळचा, आनंदाचा. दुसरा कायमचा. सिकलसेलच्या मुलांच्या बाबतीत पहिल्या अर्थाचे दुसऱ्यात रूपांतर बहुधा याच दोन महिन्यांत होते. मुलगा आजारी पडला, परीक्षा बुडाली, आता घरीच राहू दे. मुलगी असली तर हा निर्णय आणखी लवकर होतो.

या आजाराची वैद्यकशास्त्रात पहिली नोंद झाली ती एका विद्यार्थ्याचीच, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे म्हणून सांगतो. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी 1904 साली शिकागोत आला. घरापासून हजारो मैल दूर, कडाक्याच्या थंडीत तो आजारी पडला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नोएलने शिक्षण अर्धवट सोडले नाही. वारंवार आजारी पडत त्याने पदवी मिळवली, मायदेशी परतून व्यवसाय केला आणि 1916 साली, वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी तो वारला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात, त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठातील दुसरा एक परदेशी विद्यार्थी भारतातील जातींवर निबंध वाचत होता. या दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु बाबासाहेबांनी त्या निबंधात जातीचे मर्म म्हणून जे दाखवले, ती जातीअंतर्गत विवाहाची बंद चौकट, तिचा या आजाराशी मात्र संबंध आहे. मुळात हा दोष कोणत्याही जातीचा नाही. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तेथे वाहक माणसे तगली, म्हणून तो त्या त्या प्रदेशात टिकला. पण रक्त एकाच कुंपणात फिरत राहिले की दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. आणि तशी पडली तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते.

हे ठाऊक असूनही आपल्यातील कितीतरी पालक कार्ड लपवतात. प्रवेश अर्ज भरताना आजाराविषयी विचारले तर 'काही नाही' असे उत्तर मिळते. कारण उघड आहे: पोरीचे लग्न व्हावयाचे आहे, धाकट्या भावाचे व्हावयाचे आहे, घराला नाव पडेल. पत्रिका नाकारणाऱ्या समाजाने ज्या एका कागदाची जुळणी खरोखर करावयास हवी तोच पेटीच्या तळाशी ठेवावा, हे आम्हांला पटत नाही. आणि लपवण्याची किंमत आई-वडिलांना नव्हे, वसतिगृहातील मुलाला मोजावी लागते. शाळेत मुलांना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची असते. सिकलसेलच्या रुग्णाला ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी लागते. ज्या शिक्षकाला आजारच सांगितलेला नाही, तो विचारणार कोणाला?

यावर संस्थाचालकांचा प्रश्न आम्हांला ठाऊक आहे. सुटीतील जेवणाला अनुदान नसते, पाणी नसते, कर्मचारी गावी गेलेले असतात. मग मुलांना ठेवावयाचे कसे? सर्वांना ठेवा, असे आमचे म्हणणेच नाही. अनेकांना घरची ओढ असते आणि ती असावी. पण ज्या दोन-चार मुलांच्या गावी पाण्याचे हाल आहेत किंवा घरी पाहणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी एक खोली आणि एक चूल दोन महिने चालू ठेवणे माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचच्या आवाक्यात आहे. सुवर्णमहोत्सवी कमानीवर होणारा खर्च आम्ही पाहिलेला आहे. बाकीच्या मुलांसाठी तर पैसाही फारसा लागत नाही. पेटी एसटीत चढण्यापूर्वी दोन महिन्यांचे औषध, कार्डाची छायाप्रत आणि गावच्या आशाताईंच्या नावे एक चिठ्ठी सोबत द्यावी.  ताप चढला, छातीत दुखले, हात किंवा पाय लुळा पडला तर झाडपाल्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे, हे एवढे त्याच चिठ्ठीत मोठ्या अक्षरांत लिहावे. जे माजी विद्यार्थी आज परिचारिका, आरोग्यसेवक, डॉक्टर आहेत, त्यांनी सुटीत दर आठवड्याला दोन-दोन घरी दूरध्वनी करावा. सत्कार समारंभाला ते येतातच. हे काम त्याहून सोपे आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे. त्यानुसार परीक्षेत वाढीव वेळ मागता येतो. एसटीच्या सवलतींच्या यादीतही या रुग्णांचा समावेश आहे. पण प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि ते दहावीच्या अर्जाच्या आदल्या आठवड्यात मिळत नसते. ते आठवीतच काढावे, आणि शाळेने पुढाकार घेऊन काढून द्यावे. शाळा जानेवारीत सहल नेते, तशी एक फेरी जिल्हा ठिकाणच्या रुग्णालयात नेता येईल.

बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले, तेव्हा शिकावयाचे असेल तर आधी राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. त्या तत्त्वात औषध आणि पाणी यांची भर घालावयास कोणाची हरकत नसावी.

यंदाच्या प्रवेश अर्जात आम्ही एक रकाना सुचविला आहे: सिकलसेल तपासणी झाली आहे काय, कार्ड कोणत्या रंगाचे आहे, आणि सुटीत मूल कोणाकडे राहणार. रकाना गोपनीय राहील. तो अधीक्षक आणि वर्गशिक्षक यांच्याखेरीज कोणी पाहणार नाही. पालकांनी तो कोरा सोडू नये, एवढी विनंती आहे. ज्यांनी तपासणीच केलेली नाही त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक शाळेत बोलावण्याचे पत्र तयार आहे. त्यावर शाळा व्यवस्थापन समितीची सही तेवढी बाकी आहे.