आकाशाचे उचंत खाते

व्यापारी कुटुंबांना उचंत खाते परिचयाचे असते. रक्कम जमा झालेली असते. ती कोणाची, हे मात्र कळलेले नसते. खात्री पटेपर्यंत ती उचंतात ठेवावी, अंदाजाने कोणाच्याही नावे टाकू नये, हा हिशेबाचा नियम. खगोलशास्त्रालाही असे एक उचंत खाते सांभाळावे लागते आणि त्यातील नोंदींचा उलगडा करण्यात आपल्या पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे.

गॅमा किरण हे प्रकाशाचेच अत्यंत ऊर्जावान रूप होय. वातावरण त्यांना अडवते. म्हणून ते टिपण्यासाठी ११ जून २००८ रोजी ‘फर्मी’ दुर्बीण अवकाशात पाठविण्यात आली. तिच्या पहिल्या आठ वर्षांच्या निरीक्षणांवरून सिद्ध झालेल्या सूचीत ५,०६४ स्रोत आहेत. त्यांपैकी तीन हजारांहून अधिक ‘ब्लेझार’, म्हणजे अतिदूरच्या सक्रिय दीर्घिका ठरल्या. अशा दीर्घिकेच्या केंद्रस्थानी प्रचंड कृष्णविवर असते आणि तेथून निघणारा झोत जवळजवळ पृथ्वीच्याच दिशेने रोखलेला असतो. मात्र १,३३६ स्रोतांपुढे कोणतेही नाव लिहिता आले नाही.

अडचण पत्त्याची आहे. गॅमा दुर्बीण स्रोताचे नेमके स्थान दाखवीत नाही, आकाशातील एक लहानसा टापू तेवढा दाखविते. रात्री राजमाचीवरून दूरच्या गावाचा उजेड दिसावा, पण तो कोणत्या घरातील दिव्याचा हे कळू नये, तसेच हे. त्या टापूत अनेक तारे आणि दीर्घिका असतात.

येथे रेडिओ दुर्बीण साहाय्यास येते. लोणावळ्याहून तळेगाव–चाकण मार्गे नारायणगाव गाठले की जवळच खोडद येथे ‘जीएमआरटी’ आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाची पाहणी केली. त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची नोंद झाली.

आता पडताळणी सुरू होते. कंप्रता बदलली तरी ब्लेझारची रेडिओ तीव्रता सहसा फारशी बदलत नाही. स्पंदक तारा मात्र कमी कंप्रतेला प्रखर असतो आणि कंप्रता वाढताच झपाट्याने मंदावतो. संशयित दीर्घिका सापडली की तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेतात. त्यातील रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या आहेत, यावरून अंतर काढतात.

अनामिक स्रोतांपैकी बहुतेक ब्लेझारच असणार, असे मानून मोकळे होणे सोपे होते. परंतु अशाच एका स्रोताच्या जागी जीएमआरटीला दीर्घिका आढळली नाही. आढळला तो आपल्याच आकाशगंगेतील, सेकंदाला ४६०हून अधिक फेरे घेणारा स्पंदक. २०१३ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. घाईने नाव लिहिले असते, तर अब्जावधी प्रकाशवर्षांची चूक खतावणीत कायम झाली असती.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना अवश्य न्यावे. त्या भव्य तबकड्यांबरोबर आणखी एक गोष्ट त्यांना दाखविता येईल: पुरावा मिळेपर्यंत जागा कोरी ठेवणे हे अज्ञान नव्हे, तो ज्ञानाचाच प्रामाणिकपणा आहे.