कोस्टरवेड्यानं घर कुठं करावं?

मित्रहो, आपल्यापैकी किती जणांनी हे गाव स्वतः निवडलं? खरं सांगा! कॅप राउंडनं निवडलं, आपण फक्त ट्रंक आणि गादी घेऊन आलो. पुढचं गाव मात्र बऱ्याच जणांच्या हातात असतं. जीआरई झाली की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर युनिव्हर्सिट्यांच्या याद्या फिरू लागतात. रँकिंग, फंडिंग, प्रोफेसर, खोलीभाडं, थंडी किती, तूरडाळ कुठं मिळते... सगळे रकाने भरलेले. "शनिवारी मी करणार काय?" हा रकाना कुणाच्याच यादीत नसतो. माझं म्हणणं, तो असावा. आणि ज्याला रोलर कोस्टरचं वेड आहे त्यानं तर तो आधी भरावा.

हसू नका. सह्याद्री जवळ म्हणून पुण्यातली नोकरी धरणारा ट्रेकर आपल्याला शहाणा वाटतो. क्लासिकलसाठी पुणे सोडवत नाही म्हणणारे काका रसिक ठरतात. मग कोस्टरसाठी गाव निवडणाराच येडा का? अमेरिकेत अशा वेड्यांची रीतसर संघटना आहे, १९७८ पासून!

आपल्याकडे या वेडाची सोय तुटपुंजी. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ ला सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ पासून नायट्रो आहे. पायाखाली फरशी नसलेला, बी अँड एम या स्विस कंपनीचा कोस्टर. चांगलाच आहे, पण एका नायट्रोवर जन्म काढायचा का? म्हणून हा प्रश्न खऱ्या अर्थानं अमेरिकेला जाणाऱ्यांचा. युरोपातही उत्तम पार्कं आहेत, पण आपली बहुतेक जनता अजून तिकडेच जाते, तेव्हा तिकडचंच बोलू.

नवशिका लगेच विचारतो, "सगळ्यात उंच कुठला? तिथंच जाऊ." हा सापळा आहे. न्यू जर्सीतला किंगडा का घ्या. २००५ मध्ये उभा राहिला, उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर. त्याच्यासाठी जो जवळ राहायला गेला असेल त्याचं काय झालं? २०२४ च्या नोव्हेंबरात तो बंद केल्याचं जाहीर झालं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. ओहायोतल्या सीडर पॉइंटचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर २००३ चा. २०२१ मध्ये त्याचा लोखंडी तुकडा उडून रांगेतली एक बाई गंभीर जखमी झाली आणि तो थांबला तो थांबलाच. नव्या रूपात २०२४ मध्ये आला, थोडे दिवस चालला, पुन्हा बंद, मग २०२५ मध्ये परत सुरू. हायड्रॉलिक लाँचवाली मशीनं अशीच नखरेल असतात (आमच्या लॅबमधल्या टेस्टिंग मशीनची आठवण येते, असो). तेव्हा एका मशीनच्या भरवशावर बिऱ्हाड करू नये. आजूबाजूला दोन-तीन तासांत किती पार्कं गाठता येतात ते बघावं.

या हिशोबात लॉस एंजेलिस पहिलं येईल असं वाटतं. मॅजिक माउंटन तिथंच, एकाच पार्कात जगात सगळ्यात जास्त कोस्टर. खाली नॉट्स बेरी फार्म, डिस्नेलँडमध्ये १९५९ चा मॅटरहॉर्न, नळीसारख्या स्टीलच्या रुळावर धावणारा पहिला कोस्टर. हिवाळ्यातही दारं पूर्ण बंद होत नाहीत. कागदावर तोड नाही. पण भाडं ऐकलंत का? आणि तिथला ट्रॅफिक म्हणजे... शनिवार गाडीतच जायचा. फ्लोरिडाचं ऑर्लँडो तर पर्यटकांचं गाव. नवेनवे झकास कोस्टर आहेत, पण उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडल्या की राइड बंद, आणि तिकिटं अशी की स्टायपेंड रडेल.

माझं मत ओहायोतल्या कोलंबसला. नकाशा काढा. उत्तरेला एरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट, पुणे-नाशिकहूनही कमी अंतर. दक्षिणेला सिनसिनाटीच्या अलीकडे किंग्ज आयलंड, साधारण मुंबई-पुणे. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री परत. सीडर पॉइंटला दीड डझनाच्या आसपास कोस्टर, किंग्ज आयलंडला डझनाहून जास्त. दोन्ही पार्कांची मालकी आधीपासून एकाच कंपनीची, आणि २०२४ मध्ये ती सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाल्यावर मॅजिक माउंटनही त्याच घरात आलं. सगळीकडे चालणारा सीझन पास काढता येतो. दोन-चार फेऱ्यांत पैसे वसूल.

पण खरा मुद्दा पास नाही. पाहुणा आणि रहिवासी यांना वेगळा कोस्टर दिसतो, हा आहे. पाहुणा एकदा जातो, दीड तास रांगेत उभा राहतो, दोन मिनिटं किंचाळतो आणि फोटो घेऊन परत. रहिवाशाला कळतं की सकाळची पहिली गाडी आणि रात्रीची गाडी यांत फरक असतो. दिवसभर चालून बेअरिंगमधलं ग्रीस तापतं, रोलिंग रेझिस्टन्स उतरतो, तोच कोस्टर संध्याकाळी जास्त जोरात धावतो. शेवटच्या डब्यात बसलं तर चढावरून आधीच खाली गेलेले पुढचे डबे आपल्याला माथ्यावरून ओढून नेतात, म्हणून उतरणीला सीटवरून उठायला होतं. पहिल्या डब्यात तेच उलटं, माथ्यावर लटकून वाट बघावी लागते. किंग्ज आयलंडचा बीस्ट १९७९ चा, लाकडी, सव्वादोन किलोमीटर लांब, जगातला सर्वात लांब लाकडी कोस्टर. तो झाडीत शिरतो. दिवसा ठीक म्हणणारे खूप भेटतील, पण जाणकार त्यात रात्रीच बसतात, काळोखात पुढचं वळण दिसत नाही म्हणून. एका दिवसाच्या पाहुण्याच्या नशिबात रात्रीची फेरी असेलच असं नाही.

आणि आपल्या लोकांसाठी तर ती जिवंत लॅब आहे. सीडर पॉइंटच्या मिलेनियम फोर्सची पहिली उतरण ९१ मीटरची. v बरोबर २gh चं वर्गमूळ काढा, ताशी १५२ किलोमीटर येतात. प्रत्यक्षातला वेग १५०! थिअरी आणि प्रॅक्टिकल इतकं जुळलेलं आमच्या जर्नलमध्ये फक्त कॉपी केल्यावर दिसतं.

आता गाडी नसलेल्यांचं बघू, म्हणजे पहिल्या वर्षी जवळजवळ सगळेच. त्यांनी कोलंबसला जाऊन रूममेटच्या दयेवर राहू नये. त्यांच्यासाठी पिट्सबर्ग. कार्नेगी मेलन आहे, पिट आहे, आणि केनीवूड नावाचं १८९८ पासूनचं पार्क आहे जिथं शहराच्या साध्या बसनं जाता येतं. तिथला जॅक रॅबिट १९२० चा, जॉन मिलर या इंजिनिअरचा. डबा उडू नये म्हणून रुळाच्या खालून धरणारं चाक ही याच माणसाची कल्पना. आज जगात जेवढे कोस्टर उलटेपालटे होतात ते या चाकाच्या जिवावर. १९२७ चा रेसरही त्याचाच. दोन गाड्या शेजारी-शेजारी शर्यत लावतात, पण रूळ एकच अखंड, म्हणून डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे परत येते. मॅथ्सच्या सरांनी मोबियस शिकवताना हे सांगितलं असतं तर मागचा बाक जागा राहिला असता! पुढं कधी कुणाची गाडी मिळाली तर पेनसिल्व्हेनियातच नोबेल्स गाठा. प्रवेश फुकट, जितक्या राइड तितके पैसे, आपल्या जत्रेसारखं. तिथला फीनिक्स हा टेक्सासमधून उचलून आणून १९८५ मध्ये पुन्हा जोडलेला लाकडी कोस्टर आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओहायोचा सीझन उन्हाळ्याचा. सीडर पॉइंट साधारण मे ते ऑक्टोबर. आपण पोचणार ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे हातात दोन महिने, तेही मुख्यतः वीकेंड, आणि ऑक्टोबरच्या शनिवारी हॅलोविनची तोबा गर्दी. मग बर्फ. उन्हाळा आला की इंटर्नशिप, बहुधा दुसऱ्याच राज्यात. यावर एकजण म्हणाला, "म्हणजे तुझं कोलंबस बाद!" अजिबात नाही. इंटर्नशिप कॅलिफोर्नियात मिळाली तर तो उन्हाळा मॅजिक माउंटनला द्या, नाही मिळाली तर ओहायो आहेच. शिवाय मी दोन वर्षांच्या डिग्रीपुरतं बोलतच नाहीये, त्यानंतरचंही बोलतोय.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं. नायट्रो बनवणारी बी अँड एम स्विस खरी, पण तिचे स्टीलचे रूळ सिनसिनाटीजवळ बटाव्हिया इथल्या क्लेरमाँट स्टील फॅब्रिकेटर्समध्ये तयार होत आले आहेत. लाकडी कोस्टर डिझाइन करणारी ग्रॅव्हिटी ग्रुप ही कंपनी सिनसिनाटीची. लाकडीच कोस्टरवाली ग्रेट कोस्टर्स पेनसिल्व्हेनियात सनबरीला, नोबेल्सपासून फार लांब नाही. एलएला राहून तुम्ही कोस्टरमध्ये बसाल. इथं राहिलात तर तो बनवणाऱ्यांच्या दारात रेझ्युमे टाकता येईल. जागा थोड्या असतात आणि व्हिसाचं गणित असतंच, पण निदान दार कुठल्या गावात आहे ते तरी माहीत असू द्या.

तेव्हा यंदाच्या याद्या बनवताना एक रकाना वाढवा. गाडी घेणार असाल तर कोलंबस, नसाल तर पिट्सबर्ग, नोकरीनंतर सिनसिनाटी. ज्याला उंचीची भीती वाटते त्यानं खुशाल रँकिंग बघावं.